पंचेचाळीसचा सिलिंडर

टेबलावर घेण्याआधी मी मोठ्याने वाचलं:
निबाल्दो ओयार्सून, वय एकावन्न,
कमरेच्या पाचव्या मणक्याखालची गादी, डावी बाजू.
त्याने माझ्या मास्कवरचे डोळे पाहिले
आणि म्हणाला, "निळं दार. एकशे बारा पायऱ्या."

सतरा वर्षं तो माझा गॅसवाला.
नाव आज कळलं.

वालपाराइसोच्या आमच्या टेकडीवर ट्रक चढत नाही.
खालच्या वळणावर थांबतो,
मग पान्याने लोखंडावर ठोका: टण्, टण्,
आधी कुत्री ओ देतात, मग बायका.
लहान सिलिंडर पंधरवड्यात संपायचा,
म्हणून मीच म्हटलं होतं, मोठा आणा, पंचेचाळीसचा,
दोन महिने बघायला नको.
माझा हिशोब बरोबर होता.
लोखंडाचं वजन तेवढं त्यात धरलं नव्हतं.

एकदा मी घरी नव्हते.
तो भरलेला तसाच खाली घेऊन गेला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.
काही बोलला नाही.
मीही सुटे पैसे शोधत राहिले.

आता तो पालथा, हिरव्या कापडांखाली,
उघडा फक्त पोस्टकार्डाएवढा चौकोन.
डॉक्टर बास्कुन्यान सुई टोचून एक्स-रेवर मणके मोजतात,
खालून वर, मग वरून खाली,
चुकीच्या मजल्यावर उतरलं तर
माफ करा म्हणून परत फिरता येतं,
इथे नाही.

चीर माझ्या अंगठ्याएवढी.
स्नायू बाजूला, हाडाची कड थोडी कुरतडून,
मग पिवळा पडदा,
आणि त्यामागे ती नस,
सुजलेली, कडेला चेपलेली,
अरुंद जिन्यात समोरून सिलिंडर आला
की आपण अंग चोरून भिंतीला लागतो ना,
तशी.

"हलकेच," डॉक्टर म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.
मी चिमटा दिला.
निघाला तो तुकडा पांढरट, तंतूतंतूंचा,
खेकड्याच्या नांगीतलं मांस असावं तसा.
धक्क्यावर पाव किलो घेतलं
तर एवढं वर टाकतात, फुकट.
एवढ्यापायी चार महिने हा माणूस
खुर्चीत बसून झोपला.
मी तो स्टीलच्या बशीत ठेवला.
आवाज झाला नाही.

नस आधी तशीच पडून होती.
मग काळजाच्या ठोक्याबरोबर
जराशी हलली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले, काम नसताना.
तो खिडकीचा कठडा धरून उभा,
बायको एदेल्मिरा खाली बसून त्याला मोजे चढवत होती.
"पायातला विस्तव गेला," म्हणाला,
"अंगठा मात्र अजून दुसऱ्या कुणाचा वाटतो."
कागदावर लिहिलं होतं, पाच किलोवर उचलू नये.
"पाच किलो म्हणजे केवढं हो?"
मी म्हटलं, एक धष्टपुष्ट मांजर.
हसलं की टाके ओढतात, म्हणून अर्धंच हसला.
एदेल्मिरा हसली नाही.
ट्रकचा मालक काल येऊन पान्याचं विचारून गेला होता.

मी आले होते त्या मोठ्या सिलिंडरचं बोलायला.
बोलले नाही. जेवलात का, एवढं विचारलं.

आता यर्को येतो, विशीतला पोरगा,
खांद्यावर टॉवेलची घडी, एका दमात चढतो.
मी पाचाचा लहान मागते.
आठवड्यात संपतो.
"बाई, मोठा घ्या ना," तो म्हणतो,
"माझ्याच फेऱ्या वाचतील."
त्याचाही हिशोब बरोबर आहे.
पैसे घेऊन तो उतरायला लागतो,
घामाने सदरा पाठीला चिकटलेला,
आणि मी निळ्या दारात उभी राहून
मोजत असते,
खालून वर.